‘एजंट’ : एका शब्दाच्या अर्थच्छटा आणि त्याचे मराठी पर्याय

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• ‘एजंट’ या शब्दाचा मूळ अर्थ आणि मराठीतील त्याच्या वेगवेगळ्या अर्थच्छटा सांगता येतील.
• प्रतिनिधी, वकील, मुखत्यार, गुमास्ता, अडत्या, दलाल, अभिकर्ता, हस्तक या शब्दांमधील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘तर्फे’, ‘मार्फत’, ‘करवी’ या शब्दयोगी अव्ययांचा अर्थनिर्णयातील वाटा ओळखता येईल.
• दिलेल्या संदर्भात योग्य पर्यायाची निवड करून तिचे समर्थन करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, शाळेत असताना आपण सर्वांनीच समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या आहेत. पाणी म्हणजे जल, नीर, उदक. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर. या याद्यांमुळे आपला असा समज होतो की, समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी नि:शंकपणे ठेवता येतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ते तसे ठेवता येत नाहीत. तहानलेला माणूस ‘उदक’ मागत नाही आणि श्राद्धाच्या वेळी गुरुजी ‘पाणी सोडा’ म्हणाले तरी ती क्रिया तहान भागवण्याची नसते. एकाच वस्तूला दोन नावे असली, तरी त्या दोन नावांमागचे प्रसंग, नाती आणि अपेक्षा निराळ्या असतात.

या घटकात आपण एक अतिशय परिचित इंग्रजी शब्द अभ्यासासाठी घेणार आहोत. तो म्हणजे ‘एजंट’. विम्याचा एजंट, वृत्तपत्राचा एजंट, प्लॉटचा एजंट, तिकिटांचा एजंट असे शब्दप्रयोग तुमच्या बोलण्यात रोज येतात. त्याला मराठी शब्द कोणता, असे शिक्षकाला विचारले तर तो ‘प्रतिनिधी’ म्हणेल. शेतकऱ्याला विचारले तर तो ‘अडत्या’ किंवा ‘दलाल’ म्हणेल. न्यायालयात काम करणाऱ्याला विचारले तर तो ‘मुखत्यार’ किंवा ‘अभिकर्ता’ म्हणेल. तिघांचेही उत्तर बरोबर आहे. परंतु तिघांनी आपापली उत्तरे परस्परांत बदलली, तर तिन्ही चूक ठरतील. असे का होते, याचा शोध घेणे हा या घटकाचा विषय आहे.

शब्दाचा अभ्यास हवेत करता येत नाही. त्यासाठी एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असावे लागते. म्हणून आपण जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे तालुक्याचे गाव घेऊ. मराठीच्या विद्यार्थ्याला हे गाव अपरिचित नाही. १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचा जन्म येथे झाला. आज मात्र आपण या गावाकडे दुसऱ्या कारणाने वळत आहोत. दुसऱ्याच्या वतीने काम करणारी माणसे या गावाने किमान तीन वेगवेगळ्या रूपांत पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांची नावे निराळी होती.

२. शब्दाचे मूळ

‘एजंट’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘करणे’, ‘चालवणे’, ‘हाकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो बनला आहे. म्हणजे मूळ अर्थाने एजंट म्हणजे फक्त ‘करणारा’. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ‘कोणासाठी करणारा’ हे मूळ शब्दात सांगितलेलेच नाही. पुढे या शब्दाला दोन वाटा फुटल्या.

पहिल्या वाटेवर ‘करणारा’ म्हणजे ज्याच्यामुळे परिणाम घडून येतो तो. रोग निर्माण करणारा घटक, रासायनिक बदल घडवणारे द्रव्य, वाक्यातील क्रिया करणारा – हे सर्व या अर्थाने ‘एजंट’ होत.

दुसऱ्या वाटेवर ‘करणारा’ म्हणजे दुसऱ्याचे काम त्याच्या वतीने करणारा. व्यापारी, राजकीय आणि कायदेशीर व्यवहारातील एजंट हा या दुसऱ्या अर्थाचा.

या दोन अर्थांमध्ये वरवर पाहता विरोध आहे. पहिला स्वतः कर्ता आहे. दुसऱ्याच्या पाठीमागे आणखी कोणीतरी उभा आहे. मराठीत ‘करता-करविता’ अशी एक जोडी आपण सहज वापरतो. बहुतेकदा ती परमेश्वरासंबंधी वापरली जाते. पण ‘एजंट’ समजून घेण्यासाठी तिचा फार उपयोग होतो. ‘करता’ म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा आणि ‘करविता’ म्हणजे ते करवून घेणारा. पहिल्या अर्थाचा एजंट केवळ करता आहे. दुसऱ्या अर्थाच्या एजंटाजवळ आपण पोहोचलो की लगेच विचारावे लागते : करविता कोण?

हा प्रश्न या संपूर्ण घटकाची किल्ली आहे.

३. धरणगावातील तीन एजंट

३.१ वखारीतील इंग्रज

सतराव्या शतकात कापडाच्या व्यापारामुळे धरणगाव नावारूपाला आले होते आणि ईस्ट इंडिया कंपनीने तेथे आपली वखार घातली होती. इंग्रजीत अशा ठिकाणाला ‘फॅक्टरी’ म्हणत. आजच्या अर्थाने तेथे कोणतेही यंत्र नव्हते. कंपनीसाठी माल खरेदी करणाऱ्या नोकराला ‘फॅक्टर’ म्हणत आणि फॅक्टर जेथे राहतो ती ‘फॅक्टरी’. ‘फॅक्टर’ हा शब्दही ‘करणे’ या अर्थाच्या दुसऱ्या एका लॅटिन धातूपासून आला आहे. अर्थात फॅक्टर आणि एजंट हे अर्थाने जवळचे नातलग आहेत.

मराठीने मात्र या जागेला माणसावरून नाव दिले नाही. तेथे साठवलेल्या मालावरून दिले. ‘वखार’ म्हणजे माल साठवण्याची जागा. इंग्रजाच्या दृष्टीने ते कंपनीच्या माणसांचे ठाणे होते. गावकऱ्याच्या दृष्टीने ते मालाचे कोठार होते. एकाच इमारतीकडे पाहणाऱ्या दोन भाषांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. पर्यायी शब्द शोधताना आपण वस्तूचे भाषांतर करत नसतो, तर पाहण्याच्या दृष्टीचे करत असतो, हे येथे दिसून येते.

१६७५ मध्ये मराठ्यांच्या फौजेने धरणगाव लुटले, तेव्हा या वखारीलाही झळ पोहोचली. नुकसानभरपाई मागण्यासाठी इंग्रजांनी शिवाजी महाराजांकडे आपला माणूस पाठवला. या माणसाला तेव्हाच्या मराठीत ‘वकील’ म्हणत. म्हणजे एकाच प्रकरणात माल खरेदी करणारा फॅक्टर आणि बोलणी करणारा वकील, असे दोन एजंट आपल्याला भेटतात. काम बदलताच नाव बदलले.

३.२ भिल्ल एजन्सी

१८१८ मध्ये खानदेशावर इंग्रजांचा अंमल बसला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांशी त्यांचा संघर्ष चालू राहिला. केवळ फौजेच्या बळावर तो मिटत नाही, हे लक्षात आल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापन करण्यात आल्या. भिल्लांना जमिनीवर स्थिर करणे, बी-बियाण्यांसाठी आणि बैलांसाठी तगाई देणे, लहानसहान तंटे मिटवणे ही एजंटांची कामे होती. त्याच वर्षी जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांची पलटण उभी करण्याचे काम सोपवण्यात आले. धरणगाव हे या पलटणीचे ठाणे होते. हेच औट्रम पुढे गुजरातेतील महीकांठा प्रदेशात ‘पोलिटिकल एजंट’ झाले.

आता ‘भिल्ल एजंट’ या सामासिक शब्दाचा विग्रह करून पाहा. ‘भिल्लांचा एजंट’ असा षष्ठी तत्पुरुष केला, तर अर्थ होतो भिल्लांच्या वतीने काम करणारा. परंतु इतिहास तसे सांगत नाही. हा अधिकारी कंपनी सरकारने नेमलेला होता, त्याचा पगार सरकार देत होते आणि तो सरकारलाच जबाबदार होता. तेव्हा खरा विग्रह ‘भिल्लांच्या कामावर नेमलेला (सरकारचा) एजंट’ असा मध्यमपदलोपी होतो. ‘शेतकरी प्रतिनिधी’ या शब्दात शेतकरी हा करविता आहे. ‘भिल्ल एजंट’ या शब्दात भिल्ल हा करविता नाही. ज्याच्यावर काम करायचे तो आहे. समासाचा बाह्य आकार सारखाच असला, तरी त्यातील अधिकाराची दिशा अगदी उलट आहे. तगाईने अनेक कुटुंबांना आधार दिला असेल. परंतु त्यांच्या नावाने चालणाऱ्या कचेरीत त्यांच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता, ही गोष्ट शब्दाच्या विग्रहातूनच उघड होते.

याच प्रदेशातील खाज्या नाईक यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सेंधव्याच्या घाटावर सरकारच्या वतीने पहारा ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे ते नोकरीतून दूर झाले आणि १८५७ च्या उठावात त्यांनी सरकारविरुद्ध भिल्लांचे नेतृत्व केले. सरकारच्या वतीने घाट राखणारा माणूस स्वतःच्या आणि स्वतःच्या लोकांच्या वतीने उभा राहिला. पहिल्या टप्प्यावर ते दुसऱ्या अर्थाने ‘एजंट’ होते. दुसऱ्या टप्प्यावर ते पहिल्या, मूळ अर्थाने ‘कर्ते’ झाले.

३.३ अडतीचे दुकान

तिसरा एजंट तुमच्या ओळखीचा आहे. खानदेश हा कापसाचा, केळीचा, ज्वारीचा आणि डाळींचा प्रदेश. शेतकरी माल घेऊन बाजारात येतो. खरेदीदार कोण, भाव काय, पैसे कधी मिळतील हे त्याला एकट्याने ठरवता येत नाही. अडत्या माल उतरवून घेतो, गिऱ्हाईक पाहतो, सौदा करतो आणि आपली अडत कापून पट्टी देतो. हा व्यवहार महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली आणला गेला.

अडत्या हा शेतकऱ्याचा माणूस, असे आपण गृहीत धरतो, कारण अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असे. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला यांच्या व्यवहारातील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार कमी करणे हा त्यामागचा हेतू होता. भाषेच्या अभ्यासकापुढे मात्र येथे एक सुंदर प्रश्न उभा राहतो. मोबदला खरेदीदार देऊ लागल्यावर अडत्या कोणाचा माणूस? ‘अडत्या’ हा शब्द जसाच्या तसा राहिला. त्याच्या आतील नात्याने मात्र जागा बदलली. शब्द स्थिर आणि अर्थ सरकलेला, असे जेव्हा घडते, तेव्हा गैरसमज निर्माण होतात आणि त्यांची किंमत बहुधा दुबळ्या पक्षाला मोजावी लागते.

४. पर्यायी शब्दांची पारख

आता एकेक पर्याय तपासू. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती त्या शब्दातील चित्र उलगडून दाखवते.

प्रतिनिधी – ‘प्रति’ आणि ‘नि’ हे उपसर्ग व ‘धा’ (ठेवणे) हा धातू मिळून हा संस्कृत शब्द बनतो. एकाच्या जागी ठेवलेला दुसरा, हा त्याचा मूळ अर्थ. यज्ञात विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी जे वापरायचे, त्यालाही ‘प्रतिनिधी’ म्हणत. मराठेशाहीत राजाराम महाराजांच्या काळी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झाले. छत्रपतींच्या जागी उभा राहणारा, असा त्याचा मान होता. म्हणून या शब्दात प्रतिष्ठा आहे. निवडणुकीत उमेदवाराच्या वतीने मतदान केंद्रावर बसणाऱ्याला ‘मतदान प्रतिनिधी’ म्हणतात. त्याला ‘मतदान दलाल’ म्हटले तर तो गंभीर आरोप होईल.

वकील – अरबी शब्द. ‘सोपवणे’ ही त्याच्या मुळाशी असलेली कल्पना. ज्याच्यावर विश्वासाने काम सोपवले तो वकील. मराठ्यांच्या राजकारणात वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी राहून बोलणी करणारा. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांना मिळाले आणि पेशव्यांच्या वतीने ते महादजी शिंदे यांनी चालवले. म्हणजे बादशहाचा वकील पेशवे आणि पेशव्यांचे प्रतिनिधी महादजी. पुढे इंग्रजी न्यायालये आली आणि या शब्दाचा अर्थ संकोच पावून तो न्यायालयात बाजू मांडणाऱ्यापुरता उरला. ‘त्याची वकिली करू नकोस’ या बोलण्यात मात्र जुना व्यापक अर्थ अजूनही टिकून आहे.

मुखत्यार – हाही अरबीतून आलेला. ‘निवडलेला’, ‘अधिकार दिलेला’ असा त्याचा भाव आहे. मुखत्याराजवळ लेखी अधिकार असतो. तो दिलेल्या मर्यादेत मालकाच्या जागी सही करू शकतो. सर्व कामांसाठी दिलेले ते कुलमुखत्यारपत्र आणि ठरावीक कामासाठी दिलेले ते खासमुखत्यारपत्र. परगावी राहणारा भाऊ जमिनीच्या कामासाठी घरातल्या एखाद्याला मुखत्यारपत्र देतो, हे तुम्ही पाहिले असेल. लक्षात ठेवा : मुखत्यार हा मालक नव्हे. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या व्यवहाराने जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या कागदावर ‘मुखत्यार’ असे लिहिले आहे, तो कागद ‘एजंटाचा साधा कागद’ म्हणून सही करणे धोक्याचे आहे.

गुमास्ता – फारसी शब्द. ‘नेमलेला’ हा त्याचा अर्थ. सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या पेढीवर त्याच्या वतीने देणेघेणे आणि हिशेब पाहणारा. गुमास्ता नोकर असतो, त्याला पगार असतो. सौद्यातील नफ्यातोट्याशी त्याचा थेट संबंध नसतो. हा माणूस आज बोलीतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु दुकानाच्या नोंदणीला लोक अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात. ज्या कायद्याखाली ही नोंदणी होते, तो दुकानातील नोकरांसाठी म्हणून ‘गुमास्ता कायदा’ या नावाने ओळखला गेला. माणूस गेला आणि कागदाला त्याचे नाव राहिले.

अडत्या – मालाच्या खरेदी-विक्रीत मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने सौदा करणारा. व्यापारी व्यवहारात याचे दोन प्रकार आहेत. ‘कच्चा अडत्या’ दोन पक्षांचा सौदा जुळवून देतो. सौदा त्या दोघांमध्येच राहतो. ‘पक्का अडत्या’ मात्र सौदा पुरा करण्याची हमी स्वतः घेतो. समोरच्याने पैसे बुडवले तरी पक्क्या अडत्याला आपल्या माणसाचे पैसे चुकते करावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने विसाव्या शतकाच्या आरंभीच या बाजारी रूढीची दखल घेतली होती. ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ ही दोन साधी विशेषणे. पण बुडीत रकमेचा बोजा कोणी उचलायचा, हे तीच ठरवतात.

दलाल – अरबीत ‘दाखवणारा’, ‘वाट दाखवणारा’. दलाल विकणाऱ्याला घेणारा दाखवतो आणि घेणाऱ्याला विकणारा. माल त्याच्या ताब्यात नसतो, सहीचा अधिकारही नसतो. गुरांच्या बाजारात हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव ठरवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. तो दलाल दोघांच्या मध्ये असतो आणि पुष्कळदा दोघांकडूनही दलाली घेतो. या शब्दाला आज निंदेची छटा चिकटली आहे. तरीही ‘दलाल’ हे मानाचे आडनाव आहे आणि मुंबईतील शेअर बाजार ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव ‘दलाल स्ट्रीट’ आहे. निंदा व्यवसायाची नसून, दोन्हीकडून घेऊन एकाच्याच बाजूचा असल्याचा आव आणण्याची आहे.

अभिकर्ता – परिभाषा घडवताना स्वीकारलेला संस्कृत शब्द. विमा व्यवसायात आणि कायद्यात तो आढळतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या दहाव्या प्रकरणात या नात्याचा विचार केला आहे. त्यातील कलम १८२ चा आशय असा की, दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करण्यास किंवा तिऱ्हाइताशी होणाऱ्या व्यवहारात दुसऱ्याच्या वतीने उभे राहण्यास नेमलेली व्यक्ती म्हणजे अभिकर्ता. त्याने अधिकाराच्या मर्यादेत केलेला करार, जणू मालकाने स्वतः केला असावा तसा मालकावर बंधनकारक होतो. मात्र मालकाच्या संमतीवाचून त्याने स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार केला, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मालकाला मिळतो. ‘अभिकर्ता’ हा शब्द नेमका आहे. पण तो बोलीत रुजलेला नाही. कायद्याच्या लेखनात तो वापरावा. कथेतील शेतकऱ्याच्या तोंडी घालू नये.

हस्तक – ‘हस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात चालतो, पण बुद्धी दुसऱ्याची असते तो हस्तक. हा शब्द सदैव निंदाव्यंजक आहे. ‘शत्रूराष्ट्राचा हस्तक’ असे वृत्तपत्रे लिहितात. हेर आणि हस्तक यांतही भेद आहे : हेर बातमी काढतो, हस्तक काम तडीस नेतो.

५. ‘तर्फे’, ‘मार्फत’, ‘करवी’

हे नाते मराठी केवळ नामांनी व्यक्त करत नाही. शब्दयोगी अव्ययेही ते काम करतात. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) अडत्याने शेतकऱ्यातर्फे कापूस विकला.
(आ) शेतकऱ्याने अडत्यामार्फत कापूस विकला.

घटना एकच आहे. पहिल्या वाक्याचा कर्ता अडत्या आहे आणि ‘तर्फे’ हे अव्यय करवित्याला, म्हणजे शेतकऱ्याला लागले आहे. दुसऱ्या वाक्याचा कर्ता शेतकरी आहे आणि ‘मार्फत’ हे अव्यय एजंटाला लागले आहे. ‘तर्फे’ आणि ‘वतीने’ ही अव्यये मालकाला लागतात. ‘मार्फत’ आणि ‘करवी’ ही मध्ये असलेल्या माणसाला लागतात. अव्यये चुकली तर अर्थ उलटतो. ‘शेतकऱ्याने अडत्यातर्फे कापूस विकला’ असे लिहिले, तर कापूस अडत्याचा ठरेल आणि शेतकरी त्याचा एजंट होईल!

‘करवी’ आणि ‘मार्फत’ यांतही सूक्ष्म भेद आहे. ‘त्याने गड्याकरवी निरोप धाडला’ यात गडी आज्ञेखाली आहे. ‘त्याने संस्थेमार्फत अर्ज केला’ यात संस्था स्वतंत्र आहे. ती केवळ मार्ग आहे. १९७२ पासून महाराष्ट्रात राबवलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेविषयी ‘शासनाने पणन महासंघामार्फत कापूस खरेदी केला’ असेच लिहावे लागेल. ‘महासंघाकरवी’ हा प्रयोग तेथे कानाला खटकेल.

६. अन्य ज्ञानक्षेत्रांतील पर्याय

‘एजंट’ शब्दाच्या पहिल्या अर्थासाठी, म्हणजे परिणाम घडवणाऱ्या घटकासाठी, मराठीने ‘कारक’ हे उत्तरपद किंवा ‘-क’ हा प्रत्यय निवडला आहे. उदाहरणार्थ, रोगकारक, ऑक्सिडक, क्षपणक. तेथे ‘प्रतिनिधी’ किंवा ‘अभिकर्ता’ म्हणणे हास्यास्पद होईल, कारण जंतूमागे कोणी करविता नसतो. व्याकरणात याच अर्थी ‘कर्ता’ हा शब्द रूढ आहे.

साहित्य आणि समाजशास्त्र यांच्या अभ्यासात ‘एजन्सी’ हा शब्द तुम्हाला वारंवार भेटेल. तेथे त्याचा अर्थ कचेरी असा नसून, स्वतःच्या जीवनाविषयी निर्णय घेण्याची आणि कृती करण्याची क्षमता असा आहे. त्यासाठी ‘कर्तेपण’ हा पर्याय समर्पक ठरतो. ‘भिल्ल एजन्सी’ आणि ‘भिल्लांची एजन्सी’ हे दोन शब्दप्रयोग इंग्रजी वळणाने जवळजवळ सारखे वाटतात. मराठीत मात्र पहिल्याचा अर्थ त्यांच्यावर नेमलेली सरकारी कचेरी आणि दुसऱ्याचा अर्थ त्यांचे स्वतःचे कर्तेपण. योग्य पर्याय निवडला नाही, तर एका समाजाचा इतिहास अगदी उलटा वाचला जाईल.

७. पर्याय निवडण्याची कसोटी

आतापर्यंतच्या विवेचनावरून तीन प्रश्नांची एक कसोटी तयार होते.

(१) करविता आहे का? असल्यास कोण?
(२) अधिकार किती? सहीचा, सौद्याचा की केवळ गाठ घालून देण्याचा?
(३) मोबदला कोण देतो आणि नुकसान झाल्यास जबाबदार कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कारक किंवा कर्ता. सहीचा लेखी अधिकार असेल, तर मुखत्यार. मालाचा सौदा करण्याचा अधिकार असेल, तर अडत्या. फक्त गाठ घालून देण्याचे काम असेल, तर दलाल. पगारी नोकर असेल, तर गुमास्ता. सार्वजनिक जीवनात एखाद्या व्यक्तीच्या किंवा समूहाच्या जागी कोणी उभा असेल, तर प्रतिनिधी. कायद्याच्या परिभाषेत सर्वांना सामावणारा शब्द हवा असेल, तर अभिकर्ता. आणि ‘भिल्ल एजंट’, ‘पोलिटिकल एजंट’ यांसारखी ऐतिहासिक पदनामे असतील, तर ती तशीच ठेवावीत. त्यांचे भाषांतर केल्यास तो काळच पुसला जातो.

ही कसोटी केवळ परीक्षेसाठी नाही. तुमच्यापैकी अनेकजण संसार, शेती, नोकरी सांभाळून शिकत आहात. कागदांवर सह्या करण्याचे प्रसंग तुमच्यावर येतात. गावात चार माणसे आपला कागद तुमच्याकडे वाचायला घेऊन येतात. अशा वेळी ‘एजंट आहे, काळजी नको’ या मोघम शब्दावर थांबू नका. कागदावर नेमका कोणता शब्द आहे ते पाहा आणि वरील तीन प्रश्न विचारा. समोरचा माणूस कोणाचा, हे त्या शब्दावरून कळते.

८. सारांश

‘एजंट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘करणारा’ असा आहे. त्यातून ‘परिणाम घडवणारा’ आणि ‘दुसऱ्याच्या वतीने करणारा’ असे दोन अर्थ निर्माण झाले. धरणगावच्या इतिहासात कंपनीचा फॅक्टर, भिल्ल एजन्सीचा अधिकारी आणि बाजारातील अडत्या ही या दुसऱ्या अर्थाची तीन रूपे आढळतात. मराठीत या एका शब्दाला अनेक पर्याय आहेत. परंतु प्रत्येकातील अधिकार, मोबदला, जबाबदारी आणि प्रतिष्ठा भिन्न असल्यामुळे ते परस्परांच्या जागी ठेवता येत नाहीत. करविता कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय योग्य पर्याय हाती लागत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘वखार’ आणि ‘फॅक्टरी’ या नावांमागील दृष्टी कशी भिन्न आहे?
२. ‘हस्तक’ आणि ‘हेर’ यांत कोणता भेद आहे?
३. ‘तर्फे’ हे अव्यय कोणाला लागते?

(आ) ‘भिल्ल एजंट’ आणि ‘शेतकरी प्रतिनिधी’ या सामासिक शब्दांचा विग्रह करून अर्थभेद स्पष्ट करा.

(इ) तुमच्या गावातील बाजारात, बँकेत किंवा कचेरीत दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या तीन व्यक्तींची कामे पाहा. लोक त्यांना कोणत्या नावाने ओळखतात? घटकातील तीन प्रश्नांच्या आधारे ती नावे योग्य आहेत का, ते दहा ओळींत लिहा.

(अ) ची उत्तरे

१. ‘फॅक्टरी’ हे नाव तेथे राहणाऱ्या कंपनीच्या माणसावरून, तर ‘वखार’ हे नाव तेथे साठवलेल्या मालावरून पडले आहे.
२. हेर बातमी काढतो, तर हस्तक दुसऱ्याने ठरवलेले काम तडीस नेतो.
३. ज्याच्या वतीने काम केले जाते त्याला, म्हणजे करवित्याला, ‘तर्फे’ हे अव्यय लागते.